चांगलंच लिहिणार असलात तरी आधी तिला विचारा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही एका एस्कॉर्टला भेटलात, भेट छान झाली, तिला पुढे कामं मिळावीत म्हणून तुम्हाला ऑनलाइन रिव्ह्यू टाकायचा आहे. सगळं चांगलंच लिहायचं असेल तर तिची परवानगी कशाला हवी? हॉटेलबद्दल किंवा डॉक्टरबद्दल लिहिताना आपण कुठे कुणाला विचारतो?

हो, विचारायला हवं. मी सात वर्षं हे काम केलं, चार वर्षांपूर्वी सोडलं. माझ्याबद्दल लिहिलेले एकवीस रिव्ह्यू मला माहीत आहेत आणि त्यातल्या फक्त एका लिहिणाऱ्याने आधी विचारलं होतं. तुम्हाला हा प्रश्न पडला याचं मला फार बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो कौतुकाने भरलेल्या एका रिव्ह्यूचा. पाच स्टार होते, भाषा सभ्य होती. पण भेटीत काय काय घडलं ते त्या माणसाने क्रमाने लिहून काढलं होतं आणि त्यात एक गोष्ट अशी होती जी मी एरवी कुणाबरोबर करत नसे. तो चौथ्यांदा आला होता, ओळख झाली होती, विश्वास बसला होता, म्हणून त्या दिवशी मी हो म्हटलं. त्याने एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. तरी पुढच्या महिनाभरात आलेल्या तिघांनी तीच गोष्ट ठरलेल्या पैशात धरलेलीच आहे अशा थाटात मागितली. एकाला नाही म्हटलं तर त्याने फोन काढला, तो रिव्ह्यू उघडला आणि माझ्यासमोर धरला. "इथे तर लिहिलंय."

खोली बंद, माणूस अनोळखी आणि दाराच्या बाजूला तो उभा. माझ्या वतीने तिसऱ्याच कुणीतरी 'हो' लिहून ठेवलं होतं आणि ते मला त्या क्षणी खोडता येत नव्हतं. त्या दिवशी मी कशी निभावले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की त्यानंतर बरेच महिने नवीन माणूस आला की मी आधी दाराच्या बाजूला जाऊन उभी राहायचे.

न्यूझीलंडने २००३ मध्ये या कामाविषयी कायदा केला. त्याच्या सतराव्या कलमात म्हटलंय की करार झालेला असला तरी काम करणारी व्यक्ती कुठल्याही क्षणी नकार देऊ शकते, आणि नुसता करार झाला म्हणून संमती मिळाली असं धरायचं नाही. तिने स्वतः केलेला करारसुद्धा जिथे तिला बांधून ठेवत नाही, तिथे तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू तिला कसा बांधेल? पण व्यवहारात तो बांधतो. वाचणाऱ्याला तो दरपत्रकासारखा दिसतो. तुम्ही एका संध्याकाळबद्दल लिहिता आणि पुढचा माणूस ते तिने दिलेलं वचन समजतो.

आता हॉटेल आणि डॉक्टर. डॉक्टरबद्दल आपण लिहितो ते निदान बरोबर केलं का, नीट समजावून सांगितलं का, किती वेळ बसवून ठेवलं. डॉक्टरच्या अंगावर कुठे काय खूण आहे हे कुणी लिहीत नाही. शिवाय डॉक्टरने स्वतःच्या खऱ्या नावाची पाटी दाराबाहेर लावलेली असते. आमच्यातल्या बहुतेकजणींचं नाव कामापुरतं घेतलेलं असतं. ते नाव आणि खरं नाव एकमेकांना कुठेही चिकटू नयेत म्हणून वेगळा फोन, वेगळा ईमेल, चेहरा न दिसणारे फोटो, असं सगळं आम्ही वर्षानुवर्षं सांभाळतो. आणि मग कुणीतरी भल्या मनाने लिहून जातो: बोलण्याची ढब अमुक भागातली आहे, कॉलेज करते, इमारतीखाली फुलांचं दुकान आहे, पलीकडच्या खोलीतून लहान मुलाचा आवाज आला. प्रत्येक तपशील सुटा वाचला तर निरुपद्रवी वाटतो. तिच्या मागावर असलेल्या माणसाला, मग तो जुना नवरा असो, घरमालक असो किंवा नाद लागलेला एखादा ग्राहक, हे चार तपशील पुरतात.

माझ्या बाबतीत तो तपशील होता उजव्या खांद्यामागचा भाजल्याचा डाग. लहानपणचा आहे, घरच्या सगळ्यांना माहीत आहे. लिहिणाऱ्याने तो फार हळुवार शब्दांत लिहिला होता. माझ्या घरच्या कुणी ते वाचलं की नाही हे मला आजही कळलेलं नाही. घरच्या लग्नकार्यात कुणी जरा वेगळ्या नजरेने पाहिलं तरी माझ्या मनात तीच ओळ येते.

युरोपातल्या एका जुन्या खटल्याची इथे आठवण होते. स्वीडनमध्ये चर्चचं काम करणाऱ्या एका बाईंनी आपल्या वेबपानावर सहकाऱ्यांविषयी चार गमतीशीर गोष्टी लिहिल्या. त्यात एकीचा पाय दुखावलाय आणि ती अर्धवेळ रजेवर आहे, हेही आलं. कुणाला विचारलं नव्हतं. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि २००३ मध्ये न्यायालयाने म्हटलं की इंटरनेटवर सगळ्या जगाला दिसेल असं लिहिणं ही घरगुती, खासगी बाब राहत नाही, आणि दुखावलेला पाय ही त्या व्यक्तीच्या आरोग्याची माहिती आहे. पुढे २५ मे २०१८ पासून तिथे लागू झालेल्या डेटा संरक्षणाच्या नियमांत माणसाच्या लैंगिक जीवनाविषयीची माहितीही आरोग्याच्या माहितीबरोबरच खास जपायच्या गोष्टींमध्ये धरलेली आहे. तुम्ही कुठे राहता आणि तिथे कोणता कायदा लागतो हा मुद्दा बाजूला ठेवा. सहकारी बाईच्या दुखऱ्या पायाबद्दल लिहिण्याआधी तिला विचारायला हवं होतं हे आपल्याला सहज पटतं. मग एखादीबरोबर घालवलेल्या एकांताबद्दल विचारायला नको, हे कसं?

ग्राहकांसाठी बायकांची वर्णनं छापायची ही रीत इंटरनेटच्या फार आधीची आहे. लंडनमध्ये १७५७ ते १७९५ या काळात 'हॅरिसची यादी' नावाचं पुस्तक निघत असे. त्यात शहरातल्या बायकांचं रूप, स्वभाव, खुबी आणि दर दिलेले असत आणि नावांमधली काही अक्षरं गाळलेली असत. गाळलेली अक्षरं वाचणारा मनात भरून घ्यायचा. फरक एवढाच की ते पुस्तक जुनं झालं की नवं छापावं लागे. आजचा रिव्ह्यू जुना होत नाही.

ज्या देशांत हे काम किंवा त्याचे पैसे देणं गुन्हा आहे तिथे रिव्ह्यू म्हणजे लेखी कबुलीच. कोण, कधी, किती पैसे, बदल्यात काय, सगळं एका जागी. आणि धोका तिला एकटीलाच असतो असंही नाही. अमेरिकेत सिएटलच्या भागात जानेवारी २०१६ मध्ये पोलिसांनी अशीच एक रिव्ह्यूची साइट बंद केली तेव्हा तिथे लिहिणाऱ्या पुरुषांवरही गुन्हे दाखल झाले. एप्रिल २०१८ मध्ये तिथे फोस्टा-सेस्टा नावाचा, अशा व्यवहारांना वाव देणाऱ्या वेबसाइटनाही जबाबदार धरणारा कायदा आला आणि रिव्ह्यूच्या सगळ्यात मोठ्या साइटने अमेरिकेतल्या वाचकांना दार बंद केलं. दार बंद झालं म्हणून आधी लिहिलेलं पुसलं जात नाही. कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये स्क्रीनशॉट असतोच.

आता दुसरी बाजूही खरी आहे, ती लपवणार नाही. पहिल्या वर्षी मी स्वतः दोघांना म्हटलं होतं, "दोन ओळी लिहाल का?" नवीन बाईला कुणी ओळखत नसतं. फोटो तिचेच आहेत, ती ठरल्या वेळी येते, पैशांत लबाडी करत नाही, हे तिऱ्हाइताने सांगितलं की नवा ग्राहक बिचकत नाही, आणि साधारणपणे अशा रिव्ह्यूवर येणारा माणूस जरा बऱ्या वागणुकीचा असतो, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे तुमचा हेतू मला अजिबात चुकीचा वाटत नाही. कितीतरी जणी आनंदाने हो म्हणतील. पण काहीजणी प्रोफाइलमध्येच 'रिव्ह्यू नकोत' असं स्पष्ट लिहितात. तसं लिहिलेलं असेल तर पुन्हा विचारूही नका. तुमचं उत्तर तिने आधीच दिलेलं आहे.

विचारायचं कधी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भेटीआधी विचारलंत तर ती एक अट होते. एका माणसाने मला फोनवरच सांगितलं होतं की तो साइटवरचा जुना लिहिणारा आहे, त्याच्या शब्दाला वजन आहे, तेव्हा दरात काय करता ते बघा. मी दर सोडला नाही. तो आला, हसतखेळत गेला आणि दोन दिवसांनी तीन स्टार टाकले: 'वागण्यात कोरडेपणा'. पुढचे कित्येक आठवडे माझे फोन निम्म्यावर आले. साइटला लिहिलं तर उत्तर आलं की रिव्ह्यू ग्राहकाचा असतो, तुम्हाला खाली खुलासा द्यायचा असेल तर सशुल्क सदस्यत्व घ्या. खोलीत असताना विचारणंही तसंच. तिथे ती हसून हो म्हणेल, कारण तुम्ही नाराज होऊ नये हे बघणं तिच्या कामाचाच भाग आहे. त्या हसण्याला परवानगी समजू नका.

एक-दोन दिवसांनी मेसेज करा. पूर्ण मजकूर तिला पाठवा, 'चांगलं लिहितोय' एवढं सांगून भागत नाही. साधारण असं: "तुमची हरकत नसेल तर एवढं टाकायचा विचार आहे. काही काढायचं असेल तर सांगा, नको असेल तरी सांगा. तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर मी टाकणार नाही." हे शेवटचं वाक्य गाळू नका. गप्प राहण्याची सोय तिला हवी. 'नाही' असं लिहून पाठवलं तर हा माणूस उद्या उलटं काही लिहील का, ही भीती आम्हाला खरोखर असते. आणि एकदाच विचारा, आठवण करून देऊ नका.

मजकुरात काय असावं? वेळ पाळली, बोलणं मनमोकळं होतं, जागा स्वच्छ होती, ठरलं तेवढेच पैसे घेतले, फोटो खरे आहेत. नव्या ग्राहकाला सुरक्षित वाटायला एवढं पुरतं. शरीर, प्रत्यक्षात काय घडलं, जागेच्या खुणा, तिने गप्पांत सांगितलेलं स्वतःचं काही, हे तिने हो म्हटलं तरी न लिहिलेलं बरं. तिची आजची परिस्थिती उद्या बदलू शकते.

परवानगीची गरज नाही अशी एकच जागा मला दिसते: फसवणूक. ॲडव्हान्स घेऊन कुणी आलंच नाही, फोटो दुसऱ्याच कुणाचे निघाले, धमकावून जास्त पैसे काढले, तर इतरांना सावध करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चोराची परवानगी घेऊन कुणी चोरी सांगत नाही. ग्राहकाचं तोंड बंद करणाऱ्या अटी छापील करारात घालायला अमेरिकेने २०१६ मध्ये कायद्याने मनाई केली, आणि तो विचार मला पटतो. पण तिथेही घडलं तेवढंच लिहा: तारीख, रक्कम, काय ठरलं होतं, काय झालं. अपेक्षेइतकी मजा आली नाही ही फसवणूक नव्हे. तिने मधेच एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं, हीसुद्धा नव्हे.

ज्या एकाने मला विचारलं होतं त्याने चार ओळी पाठवल्या होत्या. त्यातली एक मी काढायला सांगितली. तिच्यात मी वाचत असलेल्या एका पुस्तकाचा उल्लेख होता आणि ते पुस्तक माझ्या दुसऱ्या आयुष्यातलं होतं. त्याने "बरं" एवढंच लिहिलं आणि तीन ओळी टाकल्या. काम सोडल्यावर मी सगळ्या जुन्या लिहिणाऱ्यांना साइटमार्फत मेसेज केले. त्याने त्याच दिवशी आपला रिव्ह्यू काढला. आणखी दोघांनी काढले. बाकीचे अठरा अजून आहेत, खांद्याच्या डागाचाही.

तुम्ही याआधी कुणाबद्दल न विचारता लिहिलं असेल तर ते एकदा उघडून बघा. साइट काढू देत असेल तर काढा. देत नसेल तर निदान मजकूर बदलून येतो का बघा आणि ओळखीच्या खुणा तेवढ्या पुसा. त्यासाठी तिला शोधून मेसेज करण्याची गरज नाही. तिने काम सोडलं असेल तर तुमचा मेसेज तिला नकोच असेल.