गुरूचा चंद्र आयो आपल्या चंद्राएवढाच आहे, मग तिथे इतके ज्वालामुखी कसे?

आकार पाहिला तर आयो केव्हाच थंड व्हायला हवा होता. आपला चंद्र तसा झालाच. पृथ्वीच्या पोटातली उष्णता मुख्यतः किरणोत्सारी मूलद्रव्यांची आणि जन्मावेळची शिल्लक. आयोला एवढ्यावर भागलं नसतं. त्याला उष्णता मिळते ती गुरूच्या ओढाताणीतून.

आयोची एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे ४२ तास लागतात. गुरूच्याच युरोपा या चंद्राला त्याच्या दुप्पट, गॅनिमीड या चंद्राला चौपट. त्यामुळे हे दोघे ठरावीक ठिकाणी आयोला पुन्हा पुन्हा खेचतात आणि त्याची कक्षा पूर्ण गोल होऊच देत नाहीत. मग गुरूपासूनचं अंतर बदलत राहतं, गुरूच्या ओढीने येणारा भरतीसारखा ताण कमीजास्त होतो, आणि कणीक तिंबावी तसा अख्खा गोळा मळला जातो. त्या घर्षणाने आतला खडक वितळतो.

गंमत म्हणजे हे गणित शास्त्रज्ञांनी मार्च १९७९ मध्ये आधी छापलं आणि काही दिवसांतच व्हॉयेजर १ या अंतराळयानाच्या छायाचित्रांत उद्रेक दिसला! आज तिथे ४०० हून अधिक सक्रिय ज्वालामुखी माहीत आहेत. गुरुत्व कमी आणि हवा जवळपास नाहीच, म्हणून काही फवारे ३०० किलोमीटरपर्यंत उडतात.