पाच महिने झाले, एकही घर विकलं गेलं नाही

“मॅडम, मला माणसंच ओळखता येत नाहीत का? की मुळात बोलता येत नाही?”

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेली चौतीस वर्षांची ही महिला पगाराची नोकरी सोडून घरांच्या खरेदी-विक्रीची एजंट झाली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पाच महिन्यांत एकही व्यवहार पूर्ण झाला नव्हता. शिल्लक आटत चालली होती, घरचे ‘परत नोकरी धर’ म्हणत होते आणि फोनवरचा प्रत्येक नकार ती मनाला लावून घेत होती.

या कामात नवे आलेले अनेक जण हेच विचारतात: हे माझ्या स्वभावात बसणारं आहे का? पण स्वभावाला दोष देण्याआधी काम नेमकं कुठे अडतंय ते पाहावं लागतं. तिच्याकडे नोंदवही नव्हती. म्हणून पहिल्या सत्रात फोनमधले कॉल आणि मेसेज चाळून यादी केली. चौकशा 64, घर पाहायला आलेले ग्राहक 23, किमतीच्या बोलणीपर्यंत पोचलेले 3, पूर्ण झालेले व्यवहार 0.

यादी पाहून ती आणखी खचली. खरं तर त्यातच तिच्या प्रश्नाचं उत्तर होतं. अनोळखी माणसाच्या शब्दावर 23 जण वेळ काढून आले, म्हणजे बोलणं ठीकच होतं. गळती त्यानंतर होत होती.

त्या 23 पैकी फक्त चौघांना तिने पैशांबद्दल आधी विचारलं होतं. “पहिल्याच फोनवर कसं विचारायचं? उद्धटपणा वाटतो.” ही भीड तिला फार महागात पडत होती. बजेटमध्ये न बसणारी घरं दाखवण्यात तिचे शनिवार-रविवार जात होते आणि शेवटी येणारा नकार तिला स्वतःचा वाटत होता. म्हणून सत्रात पाच प्रश्नांचा मोठ्याने सराव केला: राहायला कधीपर्यंत जायचं आहे, हातात रक्कम किती आहे, कर्ज किती मिळेल हे बँकेत विचारलंय का, निर्णय कोणाकोणाचा आहे, आधीचं घर विकून हे घ्यायचं आहे का. सुरुवातीचं वाक्य तिचं तिनेच शोधलं: “तुमची फेरी फुकट जाऊ नये म्हणून आधी विचारते.” निर्णय दोघांचा असेल तर पहिली भेट दोघांच्या सोयीनेच ठरवायची. एकट्याला आवडलेलं घर दुसऱ्याला दाखवताना सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

फिसकटलेले तीन व्यवहार एकेक करून पाहिले. पहिल्यात बँकेने घराचं मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी केलं, त्या हिशेबाने कर्ज कमी झालं आणि वरची रक्कम ग्राहकाकडे नव्हती. दुसऱ्यात मालकाच्या भावाचंही नाव कागदावर होतं आणि त्याने सही नाकारली. तिसऱ्यात ग्राहक आणि मालक परस्पर भेटले; कमिशनचं बोलणं तोंडीच झालेलं होतं. यातलं काहीही तिच्या बोलण्यामुळे बिघडलं नव्हतं, मात्र तिन्ही ठिकाणी आधी काळजी घेता आली असती. आता घर यादीत घेण्यापूर्वी ती मालकीचे कागद पाहते, सगळ्या सहमालकांची लेखी संमती घेते आणि घरावर कर्ज असेल तर बाकी रकमेचं पत्र मागते. कमिशन किती, कधी आणि कोण देणार हे सहीनिशी ठरतं. घर दाखवलं की त्याच दिवशी तारीख-वेळ लिहिलेला मेसेज ग्राहकाला जातो.

उरला पैशांचा प्रश्न, आणि तिची झोप त्यानेच उडवली होती. समजा, कमिशन किमतीच्या 2 टक्के आहे आणि निम्मं ज्या एजन्सीमार्फत काम चालतं तिच्या कार्यालयाला द्यायचं आहे. हातात 1 टक्का येतो. प्रवास, फोन, जाहिरात आणि कर यांत त्यातला पाव भाग गेला, तर उरतो पाऊण टक्का. वर्षाचा घरखर्च एका सरासरी घराच्या किमतीच्या साडेचार टक्के असेल, तर वर्षाला सहा व्यवहार हवेत. तेही लगेच नाही. पहिल्या फोनपासून कमिशन हातात येईपर्यंत महिने जातात, म्हणून निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच या कामात उतरावं. तिच्याकडे दोनच महिन्यांचा होता. ‘धीर धरा’ एवढं सांगून भागलं नसतं. तिने आठवड्यातले दोन दिवस भाड्याच्या घरांना दिले. त्यात कमिशन कमी, पण व्यवहार लवकर उरकतात.

घरच्यांसोबतच्या सत्रात चार महिन्यांनंतरची एक तारीख ठरली. तोपर्यंत ‘नोकरी धर’ हा विषय काढायचा नाही. त्या दिवशी वही उघडायची: बोलणीपर्यंत पोचणारे ग्राहक वाढत असतील तर काम पुढे चालू, नाहीतर पगाराची नोकरी शोधायची.

त्या तारखेपर्यंत विक्रीचा एक व्यवहार पूर्ण झाला होता, दुसरा बँकेत होता आणि भाड्याचे पाच झाले होते. ती अजून येते. सध्या सराव चालू आहे तो ‘कमिशन थोडं कमी करा’ म्हणणाऱ्या ग्राहकाला काय उत्तर द्यायचं याचा.