बीपी 150/95 आहे. रिपोर्टमध्ये एमडीए (चरबीच्या ऑक्सिडेशनमधून तयार होणारा पदार्थ) जास्त, टोटल अँटिऑक्सिडंट कमी. व्हिटॅमिन सी आणि ईच्या गोळ्या सुरू करू का?

नको. आणि आधी तो रिपोर्टच संशयाने वाचा.

एमडीए बहुतेक ठिकाणी टीबीएआरएस पद्धतीने मोजतात: प्लाझ्मात आम्ल आणि थायोबार्बिट्युरिक अ‍ॅसिड घालायचं, 95 अंशांच्या आसपास तापवायचं, गार करून 532 नॅनोमीटरला गुलाबी रंग वाचायचा. गोम अशी की तापवताना नळीतल्या नळीत चरबीचं ऑक्सिडेशन होत राहतं. ते रोखायला बीएचटी नावाचं रसायन घालावं लागतं. ते राहिलं तर आकडा रक्ताचा कमी आणि परीक्षानळीचा जास्त. रक्त काढताना पेशी फुटल्या तर हिमोग्लोबिनचं लोह त्यात भर घालतं. नमुना उणे 80ऐवजी उणे 20 अंशांवर बरेच दिवस पडून राहिला तरी एमडीए चढतं. बिलिरुबिन आणि साखरही या रंगात लुडबुड करतात, ते वेगळंच.

अँटिऑक्सिडंटचा आकडा फ्रॅप पद्धतीचा (यात नमुना लोहावर किती परिणाम करतो ते मोजतात) असेल तर त्याला सीरम किंवा हेपारिनची नळी लागते, कारण ईडीटीए (नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन) लोहच धरून ठेवतं. एमडीएला मात्र ईडीटीए बरं. दोन्ही आकडे एकाच ईडीटीए नळीतून आले असतील तर फ्रॅपचा सोडून द्या. शिवाय फ्रॅपमधला निम्म्याहून जास्त वाटा युरिक अ‍ॅसिडचा असतो. थायझाइड (बीपीची लघवी वाढवणारी गोळी) सुरू केलं, युरिक अ‍ॅसिड वाढलं, की 'अँटिऑक्सिडंट सुधारलं' म्हणणारे निघतातच! अशा पॅकेज तपासण्यांना माझा जुना विरोध आहे, तो यामुळेच.

आता गोळ्या. अँजिओटेन्सिन टू या बीपी वाढवणाऱ्या संप्रेरकामुळे रक्तवाहिनीच्या भिंतीत एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं उपद्रवी रूप) सोडतं आणि ते रक्तवाहिनी सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला जवळपास भेटताक्षणी संपवतं. व्हिटॅमिन सीच्या सुपरऑक्साइडशी होणाऱ्या अभिक्रियेचा वेग त्यापेक्षा हजारो पटींनी मंद, त्यामुळे ते मध्ये पडेपर्यंत काम उरकलेलं असतं. हार्ट प्रोटेक्शन स्टडीत (2002) 20,536 जणांना रोज 600 मिग्रॅ ई, 250 मिग्रॅ सी आणि 20 मिग्रॅ बीटा कॅरोटीन किंवा प्लासिबो (औषध नसलेली गोळी) असं सुमारे पाच वर्षं दिलं. हृदयविकार, पक्षाघात, मृत्यू, कशातच फरक पडला नाही. एसीई इन्हिबिटर किंवा एआरबी ही बीपीची औषधं मुळाशी, म्हणजे अँजिओटेन्सिनवरच घाव घालतात. सिगारेट असेल तर सोडा, मीठ कमी करा.

सीची खरीच कमतरता असेल तर ती भरून काढायचीच, त्याबद्दल वाद नाही. पण मुतखड्याचा त्रास असेल तर रोज 1 ग्रॅमचा नाद नको, आणि वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असताना डॉक्टरांना न विचारता ईच्या मोठ्या डोसला हात लावू नका.