बीटलची चाकं मागवण्याआधी ड्रम मोज

आरसी बुकातलं साल बघून चाकं मागवू नकोस. 1967 पर्यंतच्या बहुतेक फोक्सवॅगन बीटलना पाच बोल्टचं, 205 मिमी पीसीडीचं (बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) चाक. 1968 पासून बहुतेकींना चार बोल्टचं, 130 मिमीचं. पण मधल्या मालकांपैकी कुणी ड्रम (चाक ज्यावर बसतं तो ब्रेकचा गोल भाग) बदलले, हे कागदावर कुठेच नसतं. म्हणून चाक उतरवून ड्रमच मोज. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या दोघांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लाव. पाच असतील तर समोर भोक येतच नाही. शेजारशेजारच्या दोघांतलं अंतर साडेएकशेवीस मिमीच्या आसपास भरलं, की 205 धर.

बोल्टही बघून घे. मूळ लोखंडी चाकात बोल्टची बैठक (बोल्ट चाकावर टेकतो ती जागा) गोलसर, बाहेरून घेतलेल्या अलॉय चाकाला बरेचदा निमुळती. चुकीचा बोल्ट आवळताना घट्ट लागतो आणि चालत्या गाडीत सैल होतो. अडॅप्टर (ड्रम आणि चाक यांच्यामधली जोडचकती) लावून भलतंच चाक चढवणं मला तरी पटत नाही. चाक बाहेर येतं, मडगार्डला घासतं.

ब्रेकचे व्हील सिलिंडर पुढचे वेगळे, मागचे वेगळे. बोअर (आतला व्यास) व्हर्नियरने मोजूनच घे. ब्रेकचे रबरी होज (नळ्या) वरून चकचकीत असले तरी सरळ बदल, आतून फुगले की ऑइल अडतं. आणि ड्रम उघडल्यावर धूळ फुंकू नकोस, जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पूस.