ही दिवाळी आहे, का माझ्या हाताची प्रॅक्टिस?

सोन्या,

परवा वाती वळता वळता तू मान खाली घालूनच विचारलंस, "आई, ही दिवाळी आहे, का माझ्या हाताची प्रॅक्टिस?" मी काहीतरी थातूरमातूर बोलले आणि चहा टाकायला उठले. खरं तर उत्तर सुचलं नव्हतं. म्हणून आता लिहितेय. आज मी वाचून दाखवीन, पुढं कधी तुझा तू वाच.

तू मला बरोबर पकडलंस. सप्टेंबरात शाळेतनं चिठ्ठी आली होती. पेन्सिल नीट धरत नाही, लिहिताना हात लवकर दुखतो, घरी बोटांची कामं करून घ्या. खाली यादी : मणी ओवणं, कात्रीनं कापणं, माती मळणं, चिमट्यानं कापसाचे गोळे उचलणं. ती वाचली आणि मला इथं लीड्सच्या स्वयंपाकघरात आमचं शिवाजी पेठेतलं माजघर दिसलं. हे सगळं तर आम्ही दिवाळीत करायचो! मग मी कापूस काढला, रांगोळी काढली, आकाशकंदिलाला कामट्या शोधल्या. आणि तू काम करायला लागलास की तुझ्या बोटांकडे बघत बसले. अंगठा कुठाय, मधलं बोट आधाराला आहे का. ते तुला कळलं.

माझ्या बोटांकडे कुणी बघत नव्हतं रे.

दसरा झाला की आक्का (तुझी पणजी, हॉलमधल्या फोटोतली) कापसाचं गाठोडं सोडायची. "बस हितं, मी दावतो." हसू नकोस, कोल्हापुरात बायकासुद्धा 'करतो', 'जातो' म्हणतात. आज्जीशी फोनवर बोलताना मीही म्हणते, ऐक कधी. तर आधी सरकी काढायची. ती कापसाला अशी चिकटलेली असते की नखानं ओढली तर कापूस फाटतो, बोटाच्या पेरानं हळू सोडवावी लागते. मग कापूस पिंजून त्याची चकती करायची, मधोमध चिमटीत धरून वर ओढायची, बोटं दुधात जरा बुडवून त्या टोकाला पीळ द्यायचा. झाली फुलवात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. तुझ्या बाईंनी पेन्सिल धरायला जी तीन बोटं सांगितली, तीच. आक्काला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. तिला वाती हव्या होत्या, वर्षभराच्या.

माझ्या वाती म्हणजे उंदराच्या शेपट्या. पण आक्कानं एकही उकलून परत वळली नाही. "देवाला सरळ लागती, तुळशीला कशीबी चालती," म्हणायची, आणि माझा डबा वेगळा ठेवायची. संध्याकाळी तुळशीपाशी पणती लागली की मी वाकून बघायची, आज माझी कुठली जळतेय. मला वाटतं तुझ्या वेळी माझ्याकडून हेच राहिलं. तू वीस वाती वळल्यास आणि त्या मी डबीत भरून कपाटात ठेवल्या. दिवा लावला तो दुकानातल्या मेणबत्तीचा.

रांगोळीचंही तसंच. अंगणात शेणाचा सडा, त्यावर ठिपक्यांचा कागद, ७ ते ४ ठिपके. चिमूट सैल झाली की रेघ जाड, घट्ट झाली की तुटली. उकिडवं बसून सरकत सरकत जायचं, काढलेल्यावर हात लागू द्यायचा नाही. आता त्या शाळेच्या चिठ्ठीमुळं मी वाचत बसले तेव्हा कळलं, की मनगटात आठ लहान हाडं असतात आणि जन्मताना ती सगळी मऊ कूर्चेची असतात. एकेक करत टणक व्हायला वर्षं लागतात. तुझी अजून होतायत. म्हणजे तुझ्या हातात काही बिघडलेलं नाही, हे मला तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

पण सगळंच छान होतं असंही नाही. किल्ला पोरांचा आणि करंज्या पोरींच्या, अशी वाटणी होती आमच्याकडे. मामा आणि गल्लीतली पोरं दरवर्षी पन्हाळाच करायची. विटा-दगडांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट, काडेपेटीच्या खोक्यांचा तीन दरवाजा, अंबारखाना, आणि सिद्दी जौहरचा वेढा म्हणून खाली उभे केलेले झाडून सगळे मोडके मावळे. मी आत करंज्यांना मुरड घालत बसलेली. मुरड सुंदर जमते मला, अजूनही, आणि त्याचा अभिमानही आहे. पण खिडकीतनं चिखल दिसायचा. मला किल्ल्यावर फक्त अळीव पेरायची परवानगी होती. भिजवलेले अळीव इतके बुळबुळीत की चिमटीतनं निसटतात. चार दिवसांत हिरवळ यायची आणि मामा सगळ्यांना सांगायचा, "हे आमच्या बारकीनं पेरलंय." का गं मी चिखलात नाही, असं आक्काला एकदाही विचारलं नाही मी. तू सहाव्या वर्षी विचारलंस. मला आधी लागलं ते, मग बरं वाटलं.

तर उत्तर. दिवाळी आहे. प्रॅक्टिस मी त्यात घुसवली, घाबरून. हात तयार होतातच त्यानं, ते खोटं नाही, आणि तुझं अक्षर सुधारलं तर मला आनंदच होईल, तेही लपवत नाही. पण तुला वाती वळायचा कंटाळा असेल तर त्या राहू देत.

काल रात्री तू झोपल्यावर डबीतली तुझी एक वात निरांजनात लावली. जाड होती, आधी तडतडली, मग बराच वेळ जळली. आज संध्याकाळी दुसरी तूच निवड.

आणि रविवारी पाऊस नाही म्हणतायत. मागच्या दाराशी आठ विटा, एक जुनं पोतं आणि अळिवाची पुडी ठेवली आहे. करायचा का पन्हाळा? तीन दरवाजा तुझा. चिखल मात्र मला कालवू दे, मी कधीच कालवलेला नाही.

तुझी,
आई