ट्रॅप : सापळा की अड्डा?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या अटलांटा शहराचा रॅपर टी. आय. याच्या ‘ट्रॅप म्युझिक’ (2003) या अल्बमच्या नावातल्या ‘ट्रॅप’ला मराठीत ‘सापळा’ म्हणावं का?

माझ्या मते नको. अटलांटाच्या बोलीत ट्रॅप म्हणजे ड्रग्ज विकले जातात ते घर किंवा तो नाका. आपण मटक्याचा अड्डा, जुगाराचा अड्डा म्हणतो, तसा हा अड्डा. मराठी बातमीत सापळा पोलीस रचतात, अड्डा गुन्हेगार चालवतात. इंग्रजी शब्दात मात्र दोन्ही अर्थ एकत्र नांदतात आणि त्यावर कोटी टी. आय.च्याही आधी झालेली आहे. अटलांटाच्याच आउटकास्ट या रॅप जोडीच्या 1998 मधल्या एका गाण्यात नोकरीसाठी खेटे घालणाऱ्याला लघवीच्या तपासणीत ड्रग्ज सापडल्यामुळे कुणी परत बोलावत नाही. मग तो पुन्हा ट्रॅपमध्ये, म्हणजे अक्षरशः अडकलेला. ‘अड्ड्या’त हे उतरत नाही, हे खरं. पण ‘सापळा संगीत’ म्हटलं की डोळ्यासमोर उंदीरच येतो, त्याला काय करणार!

टी. आय.चा सूरही अड्ड्यावरचा आहे. निर्माता डीजे टूम्पच्या बीट्समध्ये 808 ड्रम मशीनचा छातीत घुमणारा बेस, वर सिंथेसायझरची तुतारीसारखी ललकारी, आणि त्यावर अमेरिकेच्या दक्षिणेकडचे हेल काढत, कसलीही घाई नसल्यासारखे येणारे शब्द. फुशारकी भरपूर : ‘24’ज’ हे गाणं गाडीच्या 24 इंची रिम्सवर आहे. पण कान्ये वेस्टची बीट असलेलं ‘डुइंग माय जॉब’ ऐका. त्यात माल विकणारा शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावतो, की बाबांनो, आम्ही आमचं काम करतोय, आम्हाला वाईट समजू नका. ‘जॉब’ हा साधासुधा शब्द तिथे फार बोलका आहे. ऑफिसला निघालेल्या माणसाच्या सुरात तो हे सांगतो आणि मला तरी अख्ख्या अल्बममध्ये हीच जागा सर्वांत अस्वस्थ करते.

म्हणून ‘ट्रॅपिंग’ या क्रियापदाला ‘माल विकणं’ किंवा नुसतं ‘धंदा करणं’ चालेल. ‘धंद्याला बसणं’ मात्र चुकूनही लिहू नका, मराठीत त्याचा अर्थ भलताच आहे.

आपल्याकडचे रॅपर ‘ट्रॅप बीट’ म्हणतात तेव्हा अड्ड्याचा काही संबंध नसतो. ते बेस आणि हाय-हॅटच्या (ड्रम सेटमधल्या झांजांच्या) ठेक्याबद्दल बोलत असतात. तिथे ‘ट्रॅप’ तसाच ठेवावा. गाण्याचे शब्द मराठीत आणताना ‘अड्डा’.