दिवसभर पायांवरच असते, आणखी किती चालू?

प्रश्न : मी ४९ वर्षांची, ठाण्यात चरईत राहते. सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळल्या आहेत. आमची इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलाने दिलेलं घड्याळ रोज नऊ हजार पावलं दाखवतं. तरी दीड महिना झाला, पहाटे तीनला डोळे उघडतात ते उघडतातच. भाजी चिरता चिरता रडू येतं, कशातच मन लागत नाही. मिस्टर रोज सहाला कचराळी तलावावर फेऱ्या मारायला जातात, मित्रांबरोबर चहा घेऊन हसत परततात आणि म्हणतात, “तूही चालत जा, बरं वाटेल.” डॉक्टर, आणखी किती चालू?

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग ओशाळले. मानसोपचाराच्या दवाखान्यात बसून मीही कितीतरी बायकांना ‘चालत जा’ हेच सांगितलंय.

तुमची तक्रार रास्त आहे, आणि तुम्ही लिहिलंय ते नैराश्याकडे बोट दाखवतं. नॉर्वेत सुमारे ४० हजार लोकांची पाहणी झाली होती. फावल्या वेळात, स्वतःहून हालचाल करणाऱ्यांत नैराश्य कमी आढळलं. कामावर होणाऱ्या अंगमेहनतीशी मात्र तसा संबंध दिसला नाही. घरातल्या राबण्याचंही असंच असावं, असं मला माझ्या पेशंट बायकांकडे बघून वाटतं. मिस्टर कचराळीवर जातात तेव्हा पाय चालतात हे खरंच, पण त्या पाऊण तासात त्यांना कुणी हाक मारत नाही. तुमच्या नऊ हजार पावलांतलं प्रत्येक पाऊल कुणाच्या तरी हाकेला ओ देत पडतं.

आणि चालणं हाच एक उपाय नाही. २०२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २१८ चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. चालणं-धावणं, योग, वजनं उचलणं या सगळ्यांनी नैराश्य कमी झालं. पण वजनांचा फायदा बायकांना जास्त, योगासनांचा पुरुषांना जास्त. आपल्याकडे नेमकं उलट! बायका योगवर्गाला, पुरुष जिममध्ये. अर्थात ही सरासरी झाली, तुम्हाला आसनं आवडत असतील तर खुशाल करा.

जिमची फी भरायची गरज नाही. पाण्याच्या एकेक लिटरच्या दोन बाटल्या घ्या, खांद्यापर्यंत उचला, सावकाश खाली आणा, दहा वेळा. हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा, दहा वेळा. ओट्याला हात टेकून, तिरकं उभं राहून छाती ओट्याकडे न्या, मागे या. दहा मिनिटांत होतं. आठवड्यातून तीनदा पुरे. एखाद्या दिवशी अंथरुणातून उठवलंच नाही, तर तो दिवस सोडून द्या. तो आळस नव्हे, आजारच तसा असतो.

पण नुसत्या बाटल्यांवर मी तुमची बोळवण करणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त रडू येणं, पहाटे झोप मोडणं याला तपासणी हवी. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, पाळीत काही बदल असेल तर तोही सांगा. गोळ्या दिल्या तर त्या व्यायामाच्या जोडीला घ्यायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत. जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि घरात कुणाला तरी सांगा, एकट्या राहू नका.

आता मिस्टरांसाठी. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सासूबाईंचं डायपर, तोंड धुणं, चहा-बिस्किट त्यांच्याकडे. कचराळी संध्याकाळीही तिथेच असते. त्या तीन सकाळी तुम्ही बाटल्या घेऊन गच्चीत जा, दार ओढून घ्या. आणि जाताना ते घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधा.